स्केटबोर्डच्या फळीचा आकार कुणी ठरवला?

आजचा साधा स्केटबोर्ड टेबलावर ठेवून बघा. लांबी ३१-३२ इंच, रुंदी आठ इंचांच्या आसपास, दोन्ही टोकं गोल आणि दोन्ही वर उचललेली. त्याचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं, हे नवख्या माणसाला पटकन सांगता येत नाही. सायकलला पुढचं-मागचं असतं, बैलगाडीला असतं, होडीलासुद्धा असतं. वाहन म्हटलं की त्याला तोंड पाहिजे. मग हे बिनतोंडाचं वाहन तयार झालं तरी कसं?

वाङ्मय मंडळाच्या अंकात स्केटबोर्ड कशाला, असं काही जण विचारतील. आपण मराठीच्या तासाला 'आकृतिबंध' हा शब्द इतक्या वेळा ऐकतो की तो आता कानावरून निघून जातो. ओवीचा आकृतिबंध, अभंगाचा आकृतिबंध, लघुकथेचा आकृतिबंध. पण एखादा आकार मुळात बदलतो कशामुळे, हे कवितेपेक्षा वस्तूवरून समजून घेणं सोपं जातं. ही वस्तू तर फार जुनीही नाही. तिचं सगळं आयुष्य सत्तर-पंचाहत्तर वर्षांचं, त्यामुळे प्रत्येक बदल कधी आणि का झाला ते सांगता येतं. दुसरं कारण घरगुती आहे. आमच्या कडोलीत मुलाच्या हट्टापायी वाढदिवसाला स्केटबोर्ड घेऊन दिलेली दोन-चार घरं माझ्या माहितीत आहेत. पंधरा-वीस दिवसांत तो बोर्ड माळ्यावर जातो. मुलगा आळशी म्हणून जातो, असं घरचे म्हणतात. मला तसं वाटत नाही. दोष बराचसा फळीच्या आकारात आणि आपल्या रस्त्यात आहे.

आधी शब्द ठरवून घेऊ. ज्यावर उभं राहायचं ती फळी. तिचं पुढचं टोक नाक, मागचं शेपूट. खाली आस आणि चाकं धरणारे जे दोन लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचे सांगाडे असतात त्यांना ट्रक म्हणतात (आपल्या हायवेवरच्या ट्रकशी त्यांचं काही नातं नाही). फळीच्या दोन्ही कडा किंचित वर वळलेल्या असतात, त्यामुळे मधे उथळ पन्हळ तयार होते. वरून काचपेपरसारखा खरखरीत कागद चिकटवलेला असतो, पाय घसरू नये म्हणून. बस्स, एवढेच भाग.

बेअरिंगची गाडी आपल्याकडे बहुतेकांनी बघितली असेल, निदान वडिलांकडून ऐकली असेल. गॅरेजमधून किंवा उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्याच्या भंगारातून तीन जुनी बेअरिंगं आणायची, खोक्याची फळी घ्यायची, पुढे एक आणि मागे दोन बेअरिंगं ठोकायची आणि उतारावरून खडखडाट करत सुटायचं. १९५० च्या सुमारास अमेरिकेत, मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, मुलांनी हेच केलं. त्यांच्याकडे बेअरिंगांऐवजी पायाला बांधायच्या रोलर स्केटची चाकं होती. स्केट मधोमध तोडायची, अर्धी पुढे ठोकायची, अर्धी मागे. फळी सरळ, सपाट, जशी लाकडाच्या वखारीतून आली तशी. तिला आकार असा नव्हताच.

आकार आला तो समुद्रावरून. कॅलिफोर्नियात लाटांवर फळी घेऊन उभं राहण्याचा, म्हणजे सर्फिंगचा खेळ जोरात होता. ज्या दिवशी लाटा नसतील त्या दिवशी हीच पोरं रस्त्यावर चाकांची फळी घेऊन फिरायची. त्यामुळे १९६० च्या दशकात दुकानात विकायला आलेल्या फळ्या सर्फबोर्डच्या लहान नकला होत्या. नाक निमुळतं, कंबर थोडी फुगीर, शेपूट आखूड. लॅरी स्टीव्हन्सन यांच्या मकाहा कंपनीच्या फळ्या अशाच होत्या, आणि १९६३ मध्ये हर्मोसा बीच इथल्या एका शाळेच्या आवारात पहिली स्पर्धा झाली तीही याच फळ्यांवर. जरा विचार केला तर ही गंमतच आहे. निमुळतं नाक पाणी कापायला लागतं. डांबरी रस्त्यावर कापायला पाणी कुठे होतं? पण नवी वस्तू पहिल्यांदा जन्माला येते तेव्हा ती जुन्या वस्तूचं रूप घेऊन येते. सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्या दिसायच्या, तसंच.

१९६५ साली 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅट मॅगी नावाची मुलगी झळकली. स्केटबोर्डवर हात टेकून, पाय आकाशात. म्हणजे हा मुलांचाच खेळ, असं म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं. पण त्याच वर्षी अनेक गावांनी या खेळावर बंदी घातली, कारण पोरं पडत होती. पडत होती चाकांमुळे. तेव्हाची चाकं पोलादाची किंवा भाजलेल्या मातीसारख्या कडक मिश्रणाची. वाटाण्याएवढा खडा आडवा आला की चाक जागीच थांबायचं आणि माणूस पुढे जायचा. हे वाक्य पुढे पुन्हा लागणार आहे, म्हणून जरा ठळकपणे सांगतो.

पहिला खरा बदल शेपटात झाला. स्टीव्हन्सन यांनीच १९६९ च्या सुमारास शेपूट वर उचललेल्या फळीच्या पेटंटसाठी अर्ज केला. दिसायला केवढीशी गोष्ट! पण खेड्यातल्या माणसाला तिचं महत्त्व पुस्तकाशिवाय कळेल. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त वजन पडलं की गाडी उलाळते, जू वर जातं. स्केटबोर्डचंही तसंच. मागचा पाय मागच्या चाकांच्याही मागे, शेपटावर ठेवून दाबला की पुढची चाकं उचलली जातात. सपाट फळीवर हे अगदी थोडंच जमायचं, कारण शेपूट लगेच जमिनीला टेकायचं आणि पायालाही धरायला काही नसायचं. शेपूट तिरकं वर गेल्यावर दाबायला जागा मिळाली. पुढची चाकं उचलून फळी जागच्या जागी वळवता यायला लागली, पायरीवर चढवता यायला लागली. गाडीवाला जी उलाळ टाळायला जीव टाकतो, ती इथे मुद्दाम करायची. सर्फबोर्डला असं शेपूट नव्हतं. माझ्या मते स्केटबोर्ड समुद्रापासून वेगळा झाला तो इथे.

मग चाकं बदलली. फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने युरेथेन या मऊसर प्लास्टिकची चाकं १९७३ च्या सुमारास बाजारात आणली. खडा आला की हे चाक थोडं दबतं आणि त्यावरून पलीकडे जातं. पकड चांगली, आवाज कमी, वेग जास्त. आणि वेग आला की माणूस उतार शोधतो. १९७० च्या दशकाच्या मधल्या वर्षांत कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे ठेवायची वेळ आली. त्या तलावांचे तळ बशीसारखे गोलाकार होते, भिंती खाली वळत वळत तळाला मिळायच्या. पोरं कुंपणावरून उड्या टाकून आत शिरली आणि भिंतीवर चढायला लागली. १९७६ पासून खास स्केटबोर्डसाठी सिमेंटचे पार्कही निघाले.

आता या भिंतीवर जुनी फळी चालेना. सहा-सात इंच रुंदीची फळी म्हणजे बोटं एका बाजूने बाहेर आणि टाच दुसऱ्या बाजूने बाहेर. सरळ रस्त्यावर ते चालतं. पण माणूस भिंतीवर आडवा होतो, वरून खाली येतो, तेव्हा पायाखाली जागा लागते. दोन-तीन वर्षांत फळ्या फुगल्या. सात इंच, आठ, नऊ, शेवटी दहा इंच. हा बदल कुठल्या कारखानदाराने कागदावर काढून दिला नाही. दुष्काळ पडला, तलाव आटले, फळी रुंद झाली. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ही साखळी ऐकून बरं वाटतं. पाऊस न पडल्याने आमच्याकडे बटाटा लहान होतो, तिकडे फळी मोठी झाली.

१९८० च्या दशकातल्या फळ्या मला स्वतःला सगळ्यांत देखण्या वाटतात. अंगाने दहा इंच रुंद, शेपूट लांब आणि चौकोनी किंवा माशाच्या शेपटासारखं दुभंगलेलं, नाक मात्र आखूड आणि जवळजवळ सपाट. प्रत्येक नामांकित खेळाडूच्या नावाची वेगळी फळी, प्रत्येकीची बाह्यरेषा वेगळी. टोनी हॉक, स्टीव्ह कॅबालेरो यांच्या फळ्या अंधारात हात फिरवूनही ओळखता याव्यात इतक्या निराळ्या. खालच्या बाजूला चित्रं. पॉवेल पेराल्टा कंपनीसाठी व्हर्नन कोर्टलँड जॉन्सन यांनी काढलेल्या कवट्या आणि सांताक्रूझ कंपनीसाठी जिम फिलिप्स यांनी काढलेले किंचाळणारे हात आजही टी-शर्टवर दिसतात. फळीच्या कडेला, नाकाला, शेपटाला प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकायचे. एकूण प्रकरण जड व्हायचं. पण ती फळी भिंतीसाठी होती, उचलून हवेत न्यायला नव्हे. पुढे जायचं आणि मागे यायचं, तेव्हा तोंड एकाच दिशेला असणं ठीक होतं.

तिकडे वेगळंच काही शिजत होतं. फ्लोरिडातल्या अ‍ॅलन गेलफँड या मुलाने १९७८ च्या सुमारास सिमेंटच्या कुंडात एक युक्ती शोधली होती. हाताने न धरता फळीसकट हवेत उडायचं. त्याच्या टोपणनावावरून तिला 'ऑली' म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडाच्याच रॉडनी मलेनने ती सपाट जमिनीवर करून दाखवली. भिंत नाही, उतार नाही, काही नाही. हे होतं कसं ते नीट समजून घ्यावं, कारण पुढचा सगळा आकार यातून आला आहे. मागच्या पायाने शेपूट जमिनीवर जोरात आपटायचं. फळी उलाळते, नाक वर येतं. त्याच क्षणी माणूस उडी मारतो आणि पुढचा पाय खरखरीत कागदावरून घासत नाकाकडे नेतो. त्या घासण्याने आणि नाकावर दिलेल्या दाबाने मागची बाजूही वर येते आणि फळी हवेत आडवी होते, जणू पायाला चिकटली आहे. प्रत्यक्षात काहीच चिकटलेलं नसतं. मलेनने त्यात फळी लांबीच्या आसाभोवती गरकन फिरवण्याची भर घातली. त्याची फळी अरुंद होती, कारण तो मोकळ्या सपाट जागेत, एकट्याने, तासन् तास कसरती करणारा खेळाडू. रुंद फळी वजनदार, ती हवेत फिरायला उशीर लावते.

याच काळात विम्याचे आणि भरपाईचे दावे परवडत नाहीत म्हणून अमेरिकेतले बरेचसे पार्क बंद पडले होते. पोरं पुन्हा रस्त्यावर आली. मार्क गोन्झालेस आणि नाटास काउपस यांच्यासारख्यांनी मलेनची सपाट जमिनीवरची युक्ती उचलली आणि फूटपाथ, कठडे, जिन्याच्या पायऱ्या, बाक यांच्यावर वापरायला सुरुवात केली. रस्त्यावर भिंतीसारखं वर-खाली नसतं. इथे माणूस कधी सरळ जातो, कधी उलटा फिरून मागे बघत जातो, कधी नाकावर वजन टाकून कठड्यावर घसरतो. आता नाक आखूड असून चालणार नव्हतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दर वर्षी नाक थोडं थोडं लांबत गेलं, मग वरही उचललं गेलं. १९८९ मध्ये वर्ल्ड इंडस्ट्रीज या नव्या कंपनीने माइक व्हॅलेलीच्या नावाने एक फळी काढली. तिच्यावर शेतातली जनावरं रंगवलेली होती. नाक आणि शेपूट जवळजवळ सारखं असलेल्या सुरुवातीच्या फळ्यांमध्ये तिचं नाव घेतात. त्यानंतर तीन-चार वर्षांत सगळं संपलं. माशाची शेपटी गेली, चौकोनी शेपूट गेलं, फुगीर कंबर गेली. उरली ती दोन्हीकडून गोल, दोन्हीकडून उचललेली, साडेसात इंचांची फळी. आइसफ्रूटच्या काडीसारखी दिसते म्हणून अमेरिकेत तिला त्याच नावाने ओळखतात.

म्हणजे तोंड गेलं ते गरज संपली म्हणून. दोन्ही दिशांनी चालायचं, दोन्ही टोकांवरून उडायचं, मग एका टोकाला मान कशाला?

इथे मी थोडा थांबतो, कारण जुन्या खेळाडूंना याबद्दल फार हळहळ वाटते. शंभर आकार होते, एकच उरला, म्हणजे गरिबी आली, असं ते म्हणतात. मला हे पूर्ण पटत नाही. अभंगाचा साचा ठरून गेल्यावर अभंग गरीब झाला का? उलट साचा ठरल्यामुळे तुकोबांपासून गावच्या भजनी मंडळातल्या माणसापर्यंत सगळ्यांना त्यात आपलं म्हणणं बसवता आलं. फळीचा आकार एक झाल्यावर वैविध्य फळीतून निघून पायात गेलं. कुणाची ऑली उंच, कुणाची शांत, कुणी उजवा पाय पुढे ठेवणारा, कुणी डावा. मात्र सुरुवातीच्या त्या काळात लोकांनी थोडा अतिरेक केला हेही खरं. १९९२ च्या आसपास चाकं इतकी लहान केली की ती जेमतेम ४० मिलीमीटरची राहिली, खड्याशी जुनं वैर पुन्हा सुरू झालं. पुढे शहाणपण आलं. चाकं ५०-५४ मिलीमीटरवर स्थिरावली आणि फळी हळूहळू पुन्हा आठ, सव्वाआठ, साडेआठ इंचांपर्यंत रुंद झाली. आज जुन्या माशाच्या शेपटाच्या फळ्याही पुन्हा विकत मिळतात, पण हौसेखातर.

फळी बनते कशी, हेही सांगायला हवं. ती अखंड लाकडाची नसते. उत्तर अमेरिकेतल्या मेपल या कठीण लाकडाचे दीड मिलीमीटरच्या आसपास जाडीचे सात पापुद्रे एकावर एक गोंद लावून ठेवतात. पाच पापुद्र्यांचे तंतू लांबीच्या दिशेने आणि मधल्या दोघांचे आडवे. मग साच्यात घालून दाबतात. नाक, शेपूट आणि पन्हळ एकाच दाबात तयार होतात. पन्हळीमुळे दोन फायदे. पायाला कड जाणवते, आणि फळी ताठ होते. छपराचा पत्रा सपाट असता तर वाकला असता, पन्हळीमुळे तो वजन धरतो, तसं. मी आमच्या भागातल्या एका सुतारमामांना जुनी तुटलेली फळी दाखवली होती. त्यांनी तुटलेल्या कडेवर नख फिरवलं, थर मोजले आणि म्हणाले, "हे काय एक लाकूड न्हवं, सात भाऊ हाईत. दोघं आडवे झोपलेत म्हणून घर टिकलंय." सागवानाची अखंड फळी करून बघू का, असं विचारल्यावर त्यांनी मान हलवली. अखंड फळी कितीही चांगल्या लाकडाची असो, तंतूच्या रेषेने चिरते, आणि तिला नाक-शेपूट वाकवून देणं जमत नाही. कोरून काढलं तर तिथेच मोडणार.

आता आपल्याकडचं बघू. बेळगावात स्केटिंग म्हटलं की पायाला चाकं बांधायचं स्केटिंग. ती परंपरा चांगली रुजलेली आहे, रिंक आहेत, लहान मुलं सकाळी सकाळी हेल्मेट घालून जाताना दिसतात. स्केटबोर्ड मात्र वेगळ्या वाटेने आला. २०१५ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या खेड्यात उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी सिमेंटचा स्केटपार्क उभा केला. राजस्थानातल्या खेमपूर गावात 'स्केटर गर्ल' या चित्रपटासाठी पार्क बांधला गेला. चित्रपट २०२१ मध्ये आला, पार्क गावासाठी राहिला. बंगळूरमध्ये तरुणांच्या गटांनी स्वतः सिमेंट कालवून पार्क बांधले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं आणि जपानची मोमिजी निशिया तेराव्या वर्षी सुवर्णपदक घेऊन गेली. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मुलींच्या स्ट्रीट प्रकाराचं सुवर्ण पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने जिंकलं. आपल्या भाषेतली पोरगी, म्हणून हे नाव प्रत्येकाला माहीत असावं असं मला वाटतं.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट समान आहे. गुळगुळीत सिमेंट. आजची दोन तोंडांची फळी, तिची लहान आणि कडक चाकं, हे सगळं गुळगुळीत जमिनीने घडवलेलं आहे. ती फळी तिथून उचलून आमच्या रस्त्यावर ठेवली की काय होतं? कडोलीहून बेळगावकडे निघा. डांबरात बसवलेली खडी पावसाळ्यानंतर वर आलेली असते. मधेच ट्रॅक्टरच्या चाकातून पडलेली मातीची ढेकळं, उसाची चिपाडं, शेणाचे पो. कडक लहान चाक प्रत्येक खड्याला ठेचकाळतं, कंप पोटरीपर्यंत येतो, आणि एखाद्या खड्याला चाक जागीच थांबतं. १९६५ च्या कॅलिफोर्नियात होतं तेच. मुलगा दोनदा तोंडावर आपटतो. शेजारचे आजोबा कट्ट्यावरून विचारतात, "काय करूलालास रे हे? पाय मोडून घ्यायचाय काय?" तिसऱ्या दिवशी बोर्ड माळ्यावर.

म्हणून माझं म्हणणं असं, की आमच्या रस्त्याला १९९० नंतरची फळी नको, १९७० च्या दशकातली पाहिजे. म्हणजे संग्रहालयातली नव्हे. मोठी आणि मऊ चाकं, ६० मिलीमीटर किंवा त्याहून मोठी, ज्यांच्यावर कडकपणाचा आकडा ७८ए ते ८२एच्या आसपास लिहिलेला असतो. फळी थोडी लांब चालेल, नाक सपाट असलं तरी हरकत नाही, शेपूट मात्र उचललेलं हवं, कारण उलाळ टाकून वळायला तेच लागतं. दुकानात अशा बोर्डाला क्रूझर म्हणतात. त्याने हवेत उडता येत नाही. पण कॉलेजच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंत न पडता जाता येतं, आणि शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात तेवढंच हवं असतं. उडायचंच असेल तर दोन तोंडांची फळी घेऊन एखाद्या शाळेचं सिमेंटचं मैदान किंवा सुगी नसताना सिमेंटचं मोकळं खळं गाठावं, अर्थात घरमालकाला विचारून. खळ्यावर सपाटी असते, कडेला वीतभर उंचीचा कठडाही असतो. यापेक्षा जास्त सोय गोन्झालेसला तरी कुठे होती?

खेळण्यांच्या दुकानात जे रंगीत बोर्ड मिळतात, त्यांच्याबद्दल मात्र पालकांना स्पष्ट सांगायला हवं. बाहेरून आकार तोच, दोन गोल टोकांचा, चित्रही तसंच. पण ट्रक प्लास्टिकचे, चाकं कडक आणि हलक्या दर्जाची, बेअरिंग गंजकं. विकत घेण्याआधी बोर्ड उलटा करून चाक बोटाने फिरवून बघावं. चांगलं चाक बराच वेळ फिरत राहतं, वाईट चाक दोन फेऱ्यांत थांबतं. चाकात नख रोवून बघावं, क्रूझरचं चाक किंचित दबतं. ट्रकला नखाने टिचकी मारावी, धातूचा आवाज यायला हवा. मग फळी दोन विटांवर ठेवून मधोमध उभं राहावं. थोडी लवून परत आली तर ठीक, करकरली तर ती सात थरांची नाही किंवा गोंद कच्चा आहे. रुंदी बुटावरून ठरवावी. फळीवर आडवं उभं राहिल्यावर बोटं आणि टाच कडेच्या फार बाहेर गेली तर पायाचा ताबा सुटतो. लहान मुलाला साडेसात इंच पुरतात, कॉलेजच्या मुलामुलींना आठ किंवा थोडी जास्त.

आणि आपल्याकडचा पाऊस. पन्नास वर्षांत बदललेल्या या सगळ्या आकारांपैकी एकालाही बेळगावचा जुलै सोसत नाही. पाणी कडेतून आत शिरलं की पापुद्रे सुटायला लागतात, फळी फुगते, शेपटाचा टणक आवाज जाऊन थपथप असा आवाज यायला लागतो. तो आवाज आला की फळी बदलायची. ट्रक आणि चाकं काढून ठेवावीत, ती वर्षानुवर्षं चालतात. आठ स्क्रू सोडले की फळी निघते, नवी बसते. जून ते सप्टेंबर बोर्ड उभा करून, जमिनीला न टेकवता, चुलीच्या धुरापासून लांब कोरड्या भिंतीला टांगावा.